तेविसाच्या चौदा

त्या वर्षी भाद्रपदात माझ्या नवऱ्याला मुदतीचा ताप आला आणि दिवाळीपर्यंत तो अंथरुणातून उठला नाही. ताप उतरला तेव्हा तो इतका वाळला होता की अंगणातून ओटीवर चढायला हात द्यावा लागे. नेमकी तीच वेळ माळावरचा खेळ सुरू होण्याची.

आमचं गाव खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी. गावाबाहेर गुरं चरायचा मोठा माळ होता. त्याच्या एका अंगाला जवळच्या कारखान्यातल्या साहेब लोकांनी गोल्फ खेळायला जागा केली होती. नऊ भोकं, नऊ निशाणं. पावसाळ्यात तिथे गुडघाभर गवत आणि चिखल, त्यामुळे खेळ चालायचा तो भात कापून झाल्यापासून होळीपर्यंत. विलायतेत म्हणे भोकाभोवती हिरवळ राखतात. आमच्याकडे ती कुठून राहणार? म्हणून वाळूत जळकं तेल कालवून, चोपून तिथे गुळगुळीत जागा करत. आम्ही तिला खळं म्हणायचो, कारण दिसायची ती खळ्यासारखीच.

माझा नवरा चार हिवाळे एका पारशी साहेबांची पिशवी वाहत होता. साहेब कारखान्यात मोठे इंजिनीयर होते. त्यांनी नवऱ्याला शब्द दिला होता की पुढच्या पावसाळ्याआधी त्याला कारखान्यात चिकटवतील. दिवस दुसऱ्या महायुद्धाचे होते, घरात खाणारी तोंडं तीन आणि जमीन थोडी. त्या शब्दावर आम्ही बरंच काही रचून ठेवलं होतं.

दिवाळीच्या पाडव्याला साहेबांचा निरोप आला की सोमवारपासून खेळ सुरू, गड्याला पाठवा.

मी सासूबाईंना म्हटलं, "मी जाते."

"कुटं?"

"पिशवी उचलायला."

"येडी झालीस का गं? बाया जात नाय तितं."

"यांच्या जागी दुसरा कोन उभा ऱ्हायला तर कारखान्यातलं काम पन त्यालाच जाईल, आत्या. हे उठेपर्यंतचीच गोष्ट हाय."

सासूबाईंनी नाइलाजानं मान हलवली. मी मात्र त्यांच्यापासून एक गोष्ट लपवली होती. मला तिसरा महिना लागला होता. आदल्या वर्षी भाताचे भारे वाहताना तिसऱ्याच महिन्यात माझं पोट पडलं होतं. त्यानंतर सासूबाईंनी मला सहा महिने पाण्याची घागरसुद्धा उचलू दिली नव्हती. आता सांगितलं असतं तर त्यांनी मला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं, आणि नवरा उठून काठी टेकत स्वतः माळावर गेला असता. म्हणून मी गप्प राहिले.

साहेबांनी मला पाहिलं तेव्हा ते बंगल्याच्या पायरीवर बुटाची नाडी बांधत होते.

"तू? तुझा नवरा कुठे आहे?"

"तापातून उठलाय, साहेब. अजून चालवत नाय त्याला. तवर मी."

त्यांनी मला वर-खाली पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं. "उचलेल तुला?"

मी ती उचलून दाखवली. उचलली खरी, पण कशीबशी. जाड चामड्याची पिशवी, उभी केली तर माझ्या छातीला लागायची. आत तेवीस काठ्या. वर चेंडू, छत्री, चहाचा थर्मास, पावसाचा कोट. हिवाळ्यात पावसाचा कोट कशाला, ते मला कधीच कळलं नाही. भरलेल्या घागरीपेक्षा ती जड होती, आणि घागर निदान डोक्यावर स्थिर बसते. पहिल्या दिवशी मी पिशवीही चुंबळ घेऊन डोक्यावरच घेतली. साहेबांना काठी हवी झाली की मी खाली बसणार, पिशवी उतरवणार, काठी काढून देणार, परत उचलणार. तिसऱ्या भोकापर्यंत साहेबांचा धीर सुटला. "खांद्यावर घे, बाई, खांद्यावर," ते म्हणाले. तेव्हापासून तिचा पट्टा माझ्या उजव्या खांद्यावर रुतायला लागला.

नऊ भोकं दोनदा फिरायची. मधे दोनदा ओढा ओलांडायचा. मी हळू चालायची, पाऊल बघून टाकायची, पोटाच्या बाजूला पिशवी आपटू नये म्हणून डावा हात आडवा धरायची. घरी आल्यावर मागच्या दारी जाऊन आधी लुगडं तपासायची. डाग नाही दिसला की मग हातपाय धुवायची. दिवसातला माझा मोकळा श्वास तेवढाच, आणि तो पुढच्या फेरीपर्यंत टिकायचा.

काम मात्र मी लवकर शिकले. माझं माहेर कर्जतजवळ भिसेगावचं. तिथे मी मराठी चौथी पास झाले होते, पण काठ्यांवरचे आकडे इंग्रजी. ते येईनात म्हणून मी माझीच नावं ठेवली. लाकडी डोक्याचे ते सोटे. लोखंडी काठ्यांत एक कोयता, एक उलथणं, एक पळी. खड्ड्यातून चेंडू उकरून काढायची ती खुरपं. खळ्यावर चेंडू हळूच ढकलायची ती थापी. साहेबांना माझी नावं कळली तेव्हा ते हसले, आणि पुढे पुढे स्वतःच "खुरपं दे" म्हणायला लागले.

त्यांची अडचण दुसरीच होती. त्यांना ठरवता यायचं नाही. चेंडूपाशी उभे राहून एक काठी मागणार, हातात तोलणार, परत देणार, दुसरी मागणार, मग पुन्हा पहिली. मुंबईला गेले की दुकानातून एखादी नवी आणायचे. तशा करत करत त्या तेवीस झाल्या होत्या. मी मात्र रोज खेळ संपल्यावर बंगल्याच्या मागच्या ओट्यावर बसून त्या सगळ्या ओल्या फडक्यानं पुसायची. कुठल्या काठीला माती लागते आणि कुठलीला कधीच लागत नाही, हे माझ्या हातांना पाठ झालं होतं.

पौष लागला. मला पाचवा चालू होता. पदर सैल सोडला की दिसत नसे, पण दम लागायला लागला होता. दुसऱ्या फेरीत ओढ्याची चढण चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. एकदा मी चढणीवर बसलेच. साहेब वरून म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, "काटा." आणि उगाच तळपाय चाचपत बसले. त्या दिवशी घरी येताना मी ठरवलं की आता सांगायचं आणि काम सोडायचं. कारखाना मिळो न मिळो.

दुसऱ्या दिवशी बंगल्यावर गेले तर साहेब हातात कागद घेऊन व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. त्यांच्या बाईसाहेब खुर्चीत लोकर विणत होत्या.

मुंबईची खेळाडू मंडळी रेल्वेनं कर्जतवरून खोपोलीपर्यंत येऊन आमच्या माळावर सामना खेळणार होती. त्यांनी कळवलं होतं की विलायतेत नियम झाला आहे, कुणीही चौदापेक्षा जास्त काठ्या जवळ बाळगायच्या नाहीत. नियम म्हणे होऊन दोन-चार वर्षं झाली होती, पण लढाईच्या गडबडीत आमच्या माळावर तो कुणी मनावर घेतला नव्हता. आता सामन्याआधी पिशव्या मोजल्या जाणार होत्या. जास्त निघाल्या तर खेळाडू बाद.

साहेबांना हा मोठा अन्याय वाटत होता. "पंधरावी काठी ठेवली तर कोणाचं काय जातं?" ते बाईसाहेबांना पुन्हा पुन्हा विचारत होते.

मी पायरीशी उभी होते. मी मनात वजाबाकी केली. नऊ काठ्या कमी. काम सोडायचं बोलणं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं.

दोन संध्याकाळी साहेबांनी सतरंजी अंथरून सगळ्या काठ्या मांडल्या. उजवीकडे न्यायच्या, डावीकडे ठेवायच्या. मी पुसत बसलेली असायची, तिथून दिसायचं. उजवीकडे अठरा व्हायच्या. मग ते दोन डावीकडे टाकायचे, आणि उठता उठता एक परत उचलायचे. तिसऱ्या संध्याकाळी बाईसाहेबांनी विणकाम मांडीवर ठेवलं.

"या बाईला विचारा ना. काढून देते ती, पुसते ती. तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल."

साहेबांना ते आवडलं नसावं. पण ते थकले होते. "सांग," ते मला म्हणाले. "तू सांग."

मी फडकं खाली ठेवलं आणि सतरंजीच्या कडेला बसले. आधी खुरपं उजवीकडे ठेवलं. मग कोयता, उलथणं, पळी. लोखंडी दहा झाल्या. तीन सोटे घेतले. थाप्या तीन होत्या. एक दगा देते असं वाटलं की साहेब दुसरी काढायचे. मी त्यातली एकच घेतली, जिची मूठ घासून गुळगुळीत झाली होती ती.

"आणि ही?" साहेबांनी एक लोखंडी काठी उचलली. "ही लागली तर?"

"ही आनि ती भनी भनी हायत, साहेब. हिनं चेंडू जातो तितंच तिनं पन जातो."

बाईसाहेब हसल्या. साहेबांनी दोन्ही काठ्या शेजारी धरून पाहिल्या आणि एक खाली ठेवली.

मग त्यांनी डावीकडचा एक सोटा हातात घेतला. काळपट लाकडाचं डोकं, दांडाही लाकडीच, मुठीचं चामडं चिरलेलं. "ही माझ्या वडिलांची आहे," ते म्हणाले.

मी फडकं परत उचललं.

"बोल ना."

"तिला दिवाळीपासून माती लागली नाय, साहेब."

त्यांनी मुठीच्या चिरलेल्या चामड्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी तो स्वतःच डावीकडे ठेवला आणि बाकीच्या आठांबरोबर आत कपाटात नेला. ते आत गेलेले पाहून मी धीर केला.

"बाईसाहेब, कोठीच्या दारामागं कापडाची एक पिशवी टांगलेली हाय. चौदा तिच्यात मावतील. ही चामड्याची रिकामीच लई जड हाय."

बाईसाहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. तोंडाकडे नाही, पदराकडे.

"कितवा?"

"पाचवा."

"नवऱ्याला माहीत आहे?"

"नाय."

"आज सांग," त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी कापडी पिशवी आणली, झटकली आणि पावसाचा कोट स्वतः खुंटीला अडकवला. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांना एवढंच म्हणाल्या की जुन्या चामड्याला कुबट वास यायला लागला आहे.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. तो ओटीवर घोंगडी घेऊन बसला होता. त्यानं घोंगडी बाजूला सारली. मग म्हणाला, "आनि मी हितं पेज पीत बसलोय."

"आता वझं कमी झालंय," मी म्हटलं. "साहेबांच्या तेविसाच्या चौदा झाल्या. पिशवी पन कापडाची."

"चौदा?" त्यानं मान वर केली. "आमच्या साहेबांनी नऊ काठ्या घरी ठेवल्या? खोटं नको सांगू."

"मीच निवडल्या."

तो हसला. तापानंतर मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहत होते. चुलीपाशी बसलेल्या सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उठून आल्या, माझ्या खांद्यावरचा पदर बाजूला केला आणि पट्ट्याचा काळानिळा वळ पाहिला. मग तेलाची वाटी घेऊन बसल्या. रागावल्या नाहीत. मला त्यांच्या रागावण्याचीच जास्त भीती होती.

सामन्याच्या सकाळी मी बंगल्यावरून पिशवी उचलली आणि साहेबांच्या मागे बांधावरून निघाले. कापडी पिशवीची मला आठवडाभराची सवय झाली होती. दहा पावलांतच वाटलं, आज काहीतरी वेगळं आहे. मी चालता चालता बोटांनी मोजलं. पंधरा. पुन्हा मोजलं. पंधराच. मागे, इतरांच्या आड, काळपट लाकडाचं डोकं होतं.

क्षणभर वाटलं, आपल्याला काय करायचं आहे? पण मोजणारा माणूस माळावर उभा असणार होता. साहेब सगळ्यांदेखत बाद झाले असते.

"साहेब, जरा थांबा."

ते थांबले, पण वळले नाहीत.

"पंधरा हायत."

"मोजताना चुकली असशील."

"दोनदा मोजल्या."

त्यांनी टोपी काढून परत घातली. मग हळू म्हणाले, "खेळणार नव्हतो तिच्यानं. नुसती बरोबर असावी असं वाटलं."

 ते रागावले तर काम जाणार होतं, आणि नवऱ्याचं कारखान्यातलंही. पण तोंडातून निघालं ते असं: "मंग बाईसाहेबांकडं द्या ना. त्या बगायला येनारच हायत. माळावरच ऱ्हाईल ती. पिशवीत नको."

साहेब वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण राग नव्हता. चोरी पकडल्यावर माणूस ओशाळतो तसे ते दिसत होते. त्यांनी सोटा काढून घेतला आणि हातातल्या छडीसारखा टेकत माळापर्यंत चालत गेले. तिथे बाईसाहेब खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी काही न विचारता तो मांडीवर आडवा ठेवला.

मुंबईहून आलेला एक कारकून पिशव्या मोजत होता. प्रत्येक काठीला बोट लावून मोठ्यानं मोजायचा. माझ्या पिशवीपाशी आला तेव्हा मीही मनात त्याच्याबरोबर मोजत होते. त्याचं बोट चौदावर थांबलं आणि तो पुढे गेला.  पुढच्याच पिशवीत, पाहुण्यांपैकी एकाच्या, सोळा निघाल्या. ज्यांनी नियम कळवला त्यांच्यातल्याच एकाच्या. त्या गृहस्थांनी हसत हसत दोन काढून ठेवल्या, आणि कारकुनानं काणाडोळा केला. साहेबांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि हातमोजा चढवायला लागले.

खेळ काही फार थोर झाला नाही. पाचव्या भोकाला चेंडू ओढ्यातल्या गोट्यांत गेला आणि साहेबांनी सवयीनं घरी ठेवलेली काठी मागितली.

"ती घरी हाय," मी म्हटलं आणि खुरपं पुढे केलं.

चेंडू उडाला, दगडावर आपटला आणि परत पायाशी आला. साहेब गुजराथीत काहीतरी पुटपुटले. ते भोक त्यांनी गमावलं. पण त्यानंतर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ते मागायचे, मी द्यायची, ते खेळायचे. परत देणं, बदलून घेणं जवळजवळ थांबलं होतं. एकच थापी असल्यामुळे खळ्यावर रुसवेफुगवेही नव्हते. सामना बरोबरीत सुटला आणि ऊन चढायच्या आत आम्ही परतलो.

बंगल्याच्या पायरीवर बूट काढताना साहेब म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला सांग, माघ संपेपर्यंत चालता येऊ दे. मग तू येऊ नकोस. बाईसाहेब मला बोलल्या." मग खालीच पाहत म्हणाले, "तू मला आधी सांगायला हवं होतंस."

"सांगनार व्हते, साहेब. त्याच दिवशी तुमचा कागद आला."

त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. मान हलवून ते आत गेले.

माघाच्या शेवटी नवरा कामावर गेला. पहिल्या दिवशी दुपारी परत आला तो हसतच. "येवढंच?" तो म्हणाला. "आगं, ही पिशवी काय, पोरगं पन उचलंल."

मला असा राग आला की हातातली भाकरी तव्यावरच राहिली. "पाच महिन्यांचं पोट घेऊन उचला आनि मंग सांगा," मी म्हटलं. तो गडबडला. त्यानं तव्यावरची करपलेली भाकरी काढून घेतली आणि तीच खायला बसला. ती कडू भाकरी तो तोंड वाकडं न करता संपवतोय हे पाहून मलाही हसू फुटलं. त्या दिवशी जेवणानंतर मी ओटीवर आडवी झाले आणि गुरं परत येईपर्यंत झोपले. भर दिवसा. सासूबाईंनी उठवलं नाही.

पावसाळ्याआधी साहेबांनी शब्द पाळला आणि नवरा कारखान्यात लागला. पुढे बऱ्याच वर्षांनी मी खोपोलीला बायकांना शिवण शिकवू लागले. मापं टिपून ठेवता ठेवता लिहायची सवय लागली, म्हणून आज हे लिहिते आहे.

मुलगी झाली ती त्याच वर्षी वैशाखात, सकाळी उन्हं अंगणात आल्यावर. सुईणीनं तिला उलटं धरलं तरी ती रडेना.  मग एकदम असा टाहो फोडला की बाहेर बसलेला नवरा दारापर्यंत धावत आला. मी सुईणीला म्हटलं, तिला माझ्याजवळ द्या, गप्प करते. सासूबाई माझ्या उशाशी बसल्या होत्या. त्यांनी माझा हात दाबून धरला.

"रडू दे गं," त्या म्हणाल्या. "रडतेय म्हंजे हाय."